शाळेतलं तंत्रज्ञान शिकताना: शिक्षक, लिपिक आणि शिपाई यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांमधले आहेत. यू-डायस प्लस (देशभरच्या शाळांच्या माहितीचं पोर्टल), सरल (राज्याचं शाळा-विद्यार्थी नोंदींचं पोर्टल), शालार्थ (पगाराच्या देयकांचं पोर्टल), दीक्षा (अभ्यास-साहित्य आणि शिक्षक-प्रशिक्षणाचं ॲप), पोषण आहाराची रोजची माहिती, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) हे सगळं ज्यांच्या टेबलावर येऊन पडतं, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

पन्नाशी उलटली. आता संगणक शिकायचा तर सुरुवात कुठून करायची?

दर महिन्याला न चुकता येणाऱ्या एखाद्या कामापासून करा. हजेरीची गोषवारा-पत्रकं, पोषण आहाराचा साठा, चाचणीच्या गुणांची यादी, यातलं काहीही चालेल. ‘आधी संगणकाचे भाग, मग पेंट, मग वर्ड’ या क्रमाने अनेकांनी एमएस-सीआयटी केलं, प्रमाणपत्र सेवापुस्तकात नोंदवलं आणि पुढे माउसला हात लावला नाही. कोर्समध्ये दोष नव्हता. शिकलेलं पुन्हा करायची वेळच आली नाही. मासिक काम दर महिन्याला परत येतं, त्यामुळे उजळणी आपोआप होते.

एका बैठकीला वीस मिनिटं पुरेत. पायऱ्या स्वतःच्या अक्षरात वहीत लिहा, तेही पडद्यावर जसं दिसतं तसं: ‘वर उजवीकडे तीन ठिपके, त्यात तिसरी ओळ’. दुसऱ्याने लिहून दिलेली चिठ्ठी ऐनवेळी कामाला येत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: चष्मा. वाचायचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर अंतरासाठी असतो आणि पडदा असतो ५० ते ६५ सेंटिमीटरवर. बायफोकल असेल तर खालच्या काचेतून बघायला मान वर करावी लागते आणि अर्ध्या तासात ती आखडते. मग ‘मला हे जमत नाही’ असं वाटू लागतं. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि नंबर काढताना तेवढं सांगा. तोवर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन स्केल १२५ किंवा १५० टक्के करा आणि माउसचा वेगही कमी करा. निम्मी भीती तिथेच जाते.

आमच्याकडे एकच तंत्रस्नेही शिक्षक आहेत आणि सगळं त्यांच्यावरच पडतं. काय करावं?

बहुतेक शाळांचं खरं दुखणं हेच आहे. ‘सर, एवढं करून द्या ना’ म्हटलं की सर पाच मिनिटांत करून देतात. मागणाऱ्याचं काम होतं, पण तो शिकत नाही. पुढच्या महिन्यात तेच काम पुन्हा सरांकडे जातं. शेवटी सर वर्गावर कमी आणि पोर्टलवर जास्त दिसतात आणि नुकसान मुलांचं होतं.

उपाय दोन आहेत. पहिला: तंत्रस्नेही शिक्षकाने माउसला हात लावायचा नाही. शेजारी बसायचं, तोंडाने सांगायचं, समोरचा चुकला तर चुकू द्यायचं. फक्त ‘फायनल सबमिट’ आणि ‘डिलीट’ या दोन बटणांआधी थांबवायचं, बाकी सगळं मागे घेता येतं. पहिल्या खेपेला पाच मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागतील. तेवढा वेळ मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातच काढून दिला पाहिजे, नाहीतर हा नियम दोन दिवसही टिकत नाही.

दुसरा: प्रत्येक ऑनलाइन कामाला दोन नावं लावा. एक करणारा, एक जोडीदार. दर तिसऱ्या महिन्याला जोडीदाराने ते काम करायचं. द्विशिक्षकी शाळेत ही वाटणी आपसूक होते. खरी अडचण मोठ्या शाळेत असते, कारण तिथे ‘करणारे आहेत की’ असं प्रत्येकाला वाटतं.

मराठी टंकलेखन शिकायला किती दिवस लागतात? आणि पाठवलेली फाइल दुसरीकडे अगम्य का दिसते?

फाइल अगम्य दिसते कारण ती कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. तिथे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. म्हणून नवं काहीही युनिकोडमध्येच करा, त्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात. जुनी प्रश्नपत्रिका परिवर्तकातून बदलून घेता येते, पण रफार, ‘श्र’, ‘त्र’ आणि आकडे डोळ्यांनी तपासावे लागतात. चुका नेमक्या तिथेच होतात.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेजमध्ये ‘मराठी’ जोडा. विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. पर्याय दोन मिळतात: इनस्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली कळ) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी लिहायचं). ज्याला महिन्यातून दोन पत्रं लिहायची आहेत त्याने फोनेटिक घ्यावं. लिपिकाने मात्र इनस्क्रिप्टच शिकावं. व्यंजनं उजव्या हाताला, स्वर डाव्या हाताला अशी त्याची मांडणी आहे. एकदा बोटं बसली की खाली बघावं लागत नाही. रोज पंधरा मिनिटं दिलीत तर साधारण महिन्याभरात कळफलक पाठ होतो. वेग मात्र पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रोजच्या कामातून येतो.

अडकायला होतं ते ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांचे’ या शब्दांपाशी. साधा ‘र’ घेऊन पाय मोडला तर ‘दुसर्या’ होतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ची कळ दाबा (ऱ), मग ‘डी’ (पायमोड), मग तिरकी रेघ असलेली कळ (य), मग ‘ई’ (काना). ‘ळ’ शिफ्ट आणि ‘एन’वर आहे, ‘ण’ शिफ्ट आणि ‘सी’वर.

मोबाइलवर बोलून लिहिणं अहवालाच्या कच्च्या मसुद्याला झकास आहे. विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात आणि गावांची, मुलांची आडनावं हमखास चुकतात.

एक्सेलमध्ये विद्यार्थी आयडीचे शेवटचे अंक शून्य होतात. जन्मतारखाही उलटसुलट होतात. असं का?

शाळेत सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर.

एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच लक्षात ठेवतं. सरलचा विद्यार्थी आयडी १९ अंकी आहे. तो साधा टाइप केला की शेवटचे चार अंक शून्य होतात आणि ते कायमचे जातात. नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाहीत. मूळ यादीतून पुन्हाच घ्यावे लागतात. आधार आणि अपार क्रमांक १२ अंकी आहेत. तिथे ‘१.२३ ई + ११’ अशा धाटणीचं काहीतरी दिसलं तरी आतला आकडा शाबूत असतो, फक्त दिसण्यात गडबड असते. ११ अंकी यू-डायस क्रमांकाला धोका नाही, आणि महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होत असल्यामुळे पुढचं शून्य उडण्याचाही प्रश्न येत नाही. मोबाइल क्रमांक कुणी आधी शून्य लावून लिहिला तर ते शून्य मात्र उडतं.

म्हणून माहिती भरण्याआधी, पुन्हा सांगतो, आधी, तो पूर्ण रकाना निवडा आणि फॉरमॅट सेल्समध्ये ‘टेक्स्ट’ करा. मगच आकडे लिहा किंवा चिकटवा. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडू नका. उघडली आणि सेव्ह केली की तीच मोडतोड पुन्हा होते. कोरी एक्सेल उघडा, डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ घ्या, फाइल ओरिजिन ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा (नाहीतर मराठी नावांच्या जागी ठोकळे येतात) आणि आयडीचा रकाना टेक्स्ट ठेवा.

तारखांचं कारण वेगळं आहे. संगणकाची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर तो महिना आधी धरतो. मग ०५/०६/२०१७ म्हणजे ५ जूनऐवजी ६ मे होतो. २५/०६/२०१७ मध्ये पंचविसावा महिना नसल्याने तो ती तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतो. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजा, उजवीकडच्या उलटलेल्या आहेत. रीजन ‘इंडिया’ करा आणि त्या तारखा जनरल रजिस्टरवरून (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीवरून) पुन्हा भरा. सूत्र लावून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. आधीच्या कुणी काही तारखा हाताने सुधारल्या असतील तर त्या पुन्हा उलटतील.

अपार आयडी तयार होताना नाव जुळत नाही असं येतं. शाळेच्या नोंदीत बदल करावा का?

घाई करू नका. नाव, लिंग आणि जन्मतारीख या तीन गोष्टी आधारशी ताडून पाहिल्या जातात. चूक बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंगची असते, किंवा वडिलांचं नाव आणि आडनाव यांच्या क्रमाची. जनरल रजिस्टर आणि जन्मदाखला जुळत असतील तर दुरुस्ती आधारमध्ये व्हायला हवी, तसं पालकांना सांगा. यू-डायसवर टंकताना चूक झाली असेल तर ती तिथे सुधारा. जनरल रजिस्टरमधली नोंद मात्र रीतसर मंजुरीशिवाय बदलायची नाही, पोर्टल कितीही लाल अक्षरं दाखवो. आणि पालकांचं संमतीपत्र आधी फाइलला लागलं पाहिजे.

दीक्षावर प्रशिक्षण पूर्ण केलं, तरी प्रमाणपत्र आलं नाही.

चार कारणं पुन्हा पुन्हा आढळतात.

दोन खाती, हे पहिलं. एकदा गुगलने आणि एकदा मोबाइल क्रमांकाने प्रवेश केला की प्रगती दोन ठिकाणी वाटली जाते. प्रोफाइलमध्ये जाऊन कोणत्या खात्यात किती झालंय ते पाहा आणि एकच खातं धरून ठेवा. दुसरं, व्हिडिओ ओढत शेवटाला नेला की तो पूर्ण धरला जाईलच असं नाही. १०० टक्के दिसेपर्यंत प्रत्येक घटक उघडून बघा. बहुतेकदा एखादं पीडीएफ किंवा छोटी चाचणी राहिलेली असते. तिसरं, ॲपमध्ये ऑफलाइन केलेलं काम नेट आल्यावर सिंक करावं लागतं, त्याचा पर्याय कोर्सच्या पानावरच्या तीन ठिपक्यांत असतो. चौथं, अंतिम चाचणी. निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या अभ्यासक्रमांत ७० टक्के गुण आणि तीन संधी असा नियम ठेवला गेला आहे. तिन्ही संधी अंदाजपंचे घालवल्या की पुढे हातात काही राहत नाही.

प्रमाणपत्रावर प्रोफाइलमधलं नाव जसंच्या तसं छापलं जातं, म्हणून सुरुवातीलाच ते सेवापुस्तकाप्रमाणे करून घ्या. आणि बॅचची शेवटची तारीख बघा. शेवटच्या दोन दिवसांत सगळा महाराष्ट्र एकदम लॉगिन करतो.

शाळेत नेट नाही. पुस्तकातले क्यूआर कोड कसे वापरायचे?

घरी किंवा गावात जिथे रेंज आहे तिथे पुढच्या आठवड्याचे घटक ॲपमध्ये उतरवून ठेवा, वर्गात ते नेटशिवाय चालतात. मोबाइलची जागा भरत असेल तर साठवण मेमरी कार्डवर वळवा. कोड फाटला किंवा पुसट झाला असेल तर त्याच्या खाली छापलेली सहा अक्षरांची खूण ॲपमध्ये टाइप करा, तोच घटक उघडतो. साधा कॅमेरा किंवा पैशांच्या ॲपचा स्कॅनर वापरून ‘काहीच येत नाही’ म्हणणारे बरेच असतात. स्कॅन दीक्षामधूनच करा.

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड ही कल्पना आपल्याकडे रुजवण्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला.

प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही मध्येच बंद पडतो. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी काय बघावं?

प्रोजेक्टर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडत असेल तर आधी त्याची जाळी काढून बघा. खडूची भुकटी बसून ती बुजते, आतली हवा खेळत नाही, यंत्र तापतं आणि स्वतःला वाचवायला बंद होतं. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने जाळी झटका. प्रोजेक्टर फळ्याच्या बरोबर वर असेल तर पंधरा दिवसांनी. दिव्याचा प्रोजेक्टर रिमोटने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नका.

‘नो सिग्नल’ आलं तर रिमोटवरच्या ‘सोर्स’मध्ये जाऊन केबल ज्या छिद्रात आहे तो एचडीएमआय क्रमांक निवडा. मग लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि ‘पी’ दाबून ‘डुप्लिकेट’ करा. चित्र आहे पण आवाज नाही? खाली उजवीकडच्या स्पीकरच्या खुणेवर जाऊन आवाज टीव्हीकडे वळवा. दहा मीटरपेक्षा लांब साधी एचडीएमआय केबल चित्र थरथरवते, त्यापेक्षा लॅपटॉप जवळ आणा.

विजेचं गणितही एकदा करून ठेवा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर देते. प्रत्यक्षात ११०० च्या आसपास धरा. ५५ इंची टीव्ही १५० वॅट आणि राउटर १५ वॅट, म्हणजे बॅटरी नवी असताना सहा-साडेसहा तास. तीन-चार वर्षांनी याच्या निम्मेही मिळत नाहीत. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर कधीही लावू नका. छापायला सुरुवात करताना तो तापण्यासाठी हजार वॅटच्या आसपास किंवा जास्तच खेचतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. शाईच्या टाकीचा प्रिंटर चालतो.

उन्हाळी सुट्टीआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, त्यात डिस्टिल्ड पाणी खुणेपर्यंत भरा. अर्धवट उतरलेली बॅटरी महिना-दीड महिना तशीच पडली की जूनमध्ये ती चार्ज धरत नाही. टीव्ही, राउटर, डीटीएच या सगळ्यांच्या पिना काढून ठेवा, मुख्य बटण बंद करून भागत नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांनी जळलेले टीव्ही पुष्कळ आहेत.

लिपिक, शिपाई आणि पोषण आहाराच्या मदतनीस यांनी काय शिकावं? प्रशिक्षणं तर शिक्षकांचीच होतात.

होतात खरी, आणि ते चूकच आहे. लिपिकासाठी वरचं एक्सेलचं उत्तर आणि युनिकोड टंकलेखन आधी. मग शालार्थचं मासिक देयक सादर करण्याआधी मागच्या महिन्याच्या देयकाशी ओळीने ताडून बघण्याची सवय, आणि पीडीएफ लहान करणं. पोर्टल ठरावीक आकाराच्या वरची फाइल घेत नाही, त्यासाठी २०० डीपीआयवर कृष्णधवल स्कॅन बहुधा पुरतं. रंगीत स्कॅन उगाच फुगतं.

शिपाई मामांना इन्व्हर्टर, राउटर आणि प्रोजेक्टर चालू-बंद करण्याचा क्रम यायलाच हवा, कारण शाळेत सगळ्यात आधी तेच येतात. बटणांवर रंगीत चिकटपट्ट्या लावा. मदतनीस ताईंना मोबाइलवर साठ्याचा फोटो काढून पाठवता येणं आणि वजनकाटा शून्यावर आणता येणं पुरेसं आहे. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांना अडवू नका.

एआय चॅटबॉट वापरावा का? मराठी नीट येतं का त्याला?

कच्च्या मसुद्याला वापरा. सूचना, पालकसभेचं निमंत्रण, सरावप्रश्न, हे चांगलं जमतं. नुसतं ‘प्रश्नपत्रिका दे’ म्हणू नका. पाठाचा मजकूर चिकटवा आणि लिहा: ‘इयत्ता पाचवी, २० गुण, एका वाक्यात उत्तराचे ५ प्रश्न प्रत्येकी १ गुण, ३ प्रश्न प्रत्येकी ३ गुण, एक प्रश्न ६ गुण, प्रश्न फक्त या मजकुरावर, सोबत उत्तरसूची.’ मग गुणांची बेरीज स्वतः करा. ती चुकलेली सापडते.

भाषा सफाईदार असते म्हणून चुका झाकल्या जातात. गृहपाठाला ‘गृहकार्य’ म्हणतो, वाक्याला हिंदीचा वास येतो. दुसरीच्या मुलांसाठी जोडाक्षरांशिवाय गोष्ट मागा, तिसऱ्या ओळीत ‘मित्र’ आणि ‘प्रेम’ येऊन बसतात. सांगितलं की माफी मागतो आणि ‘सूर्य’ घालतो. कवितेच्या ओळी मागितल्या तर कवीने न लिहिलेल्या ओळी त्याच्या नावावर खपवतो. तेव्हा पाठ्यपुस्तक समोर ठेवल्याशिवाय काही छापू नका. ई-बालभारतीवर पुस्तकांची पीडीएफ मोफत आहेत, आणि वाचनाला चांगलं मराठी हवं असेल तर १९७१ पासूनचं ‘किशोर’ मासिकही तिथे ऑनलाइन मिळतं.

मुलांची नावं, आधार क्रमांक, जात, आजार यातलं काहीही चॅटबॉटमध्ये टाकायचं नाही. वर्णनात्मक नोंदी लिहून घ्यायच्या असतील तर ‘विद्यार्थी क’ म्हणा. पण एक सांगावंसं वाटतं: चाळीस मुलांच्या चाळीस नोंदी त्याच्याकडून एकदम घेतल्या तर त्या सगळ्या एकाच मुलाच्या वाटतात. त्यापेक्षा हाताने लिहिलेल्या दोन ओळी बऱ्या.

ओटीपी, फसवणूक आणि पालकांच्या गटावरचे फोटो यांबाबत काय काळजी घ्यावी?

विवाहपत्रिका, ई-चलान किंवा ‘वेतन फरकाची यादी’ अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल आली आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर उघडू नका. ती यादी नसते, ॲप असतं, आणि ते तुमचे संदेश वाचू लागतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. लाजेपायी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणारे पैसे गमावतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळण्याजोगी संमती हवी असं म्हटलं आहे. शाळेत याचा साधा अर्थ: आधार क्रमांकांची यादी गटावर टाकायची नाही, आणि शिष्यवृत्तीधारक मुलांचा जातीच्या उल्लेखासह फोटोही नाही.

वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण म्हणजे नक्की काय? ते कुठे करायचं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. दीक्षा, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्ह्याची डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) हे नेहमीचे मार्ग आहेत. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर शिकणं मोफत आहे, परीक्षेला शुल्क पडतं. पदवी वाढवायची असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरच्या निवड वेतनश्रेणीचं प्रशिक्षण वेगळं, त्याची नोंदणी चुकवू नका.

केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत तंत्रज्ञानाचं सत्र होतं, पण कुणाच्या लक्षात राहत नाही.

कारण तिथे पीपीटी दाखवली जाते. चाळीस मिनिटं असतील तर पाच मिनिटं दाखवा आणि तीस मिनिटं प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या शाळेच्या माहितीवर तेच करू द्या. उरलेल्या पाचांत कोण कुठे अडकलं ते लिहून घ्या. एका सत्रात एकच गोष्ट. पुढच्या परिषदेची सुरुवात तीच गोष्ट न बघता करून दाखवण्याने करा.

बदली झाली. ऑनलाइन कामाचा कार्यभार कसा द्यायचा?

कागदी कार्यभार यादीत एक पान वाढवा: प्रत्येक पोर्टलचं नाव, युजर आयडी, नोंदलेला मोबाइल आणि ईमेल. पासवर्ड त्या पानावर नको. ते बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या आणि नव्या माणसाने पहिल्याच दिवशी बदलावेत. सगळ्यात मोठी अडचण होते ती ओटीपी जुन्या शिक्षकाच्या खासगी नंबरावर जाण्याची. नंबर बदलायला गट साधन केंद्राकडून (तालुक्याच्या शैक्षणिक कार्यालयाकडून) मंजुरी लागत असेल तर तो अर्ज कार्यमुक्त होण्याआधीच द्या. शाळेच्या फाइली खासगी गुगल खात्यात बनवल्या असतील तर त्यांची मालकी शाळेच्या खात्याकडे वळवा. मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. ती भरलेली असेल तर नव्या माणसाला मेल येणंच बंद होतं, म्हणून जाण्याआधी जुने कार्यक्रमांचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर काढून ठेवा.